दादा म्हणतात, ‘माझे पोस्टर करू नका’

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

एका वाचक भगिनीच्या मोठ्या भावाला आठ महिन्यांपूर्वी एएलएस, म्हणजे अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस, झाल्याचे निदान झाले. स्नायूंना हालवणाऱ्या मज्जापेशी या आजारात हळूहळू मरत जातात आणि हात, पाय, बोलणे, गिळणे, श्वास असे सारे दुबळे होत जाते. दादा गणिताचे शिक्षक. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हातातून खडू निसटू लागला, पुढे शर्टाची बटणे लावता येईनात. मानेच्या मणक्याचे दुखणे समजून बरेच महिने भलत्याच उपचारांत गेले. आज दोन्ही हात जवळजवळ निकामी आहेत, चालताना आधार लागतो आणि अलीकडे बोलणेही जड झाले आहे. वहिनी रात्री तीन-चार वेळा उठून त्यांची कूस बदलतात. सुरुवातीला रीघ लावणारे मित्र आणि सहकारी आता फिरकत नाहीत. लोकांना या आजाराची माहितीच नाही म्हणून ते दूर राहतात, असे या भगिनीचे मत आहे. २१ जूनच्या जागतिक एएलएस दिनाला दादांच्या माजी विद्यार्थ्यांची पदयात्रा काढावी, दादांच्या दिनक्रमाचे चित्रीकरण समाजमाध्यमांवर टाकावे आणि निधी गोळा करावा, असा बेत त्यांनी आखला. विद्यार्थी तयार आहेत. दादांनी मात्र ‘माझे पोस्टर करू नका’ म्हणून नकार दिला. हल्ली कुणी समोर आले की दादा एकाएकी रडू लागतात. तेव्हा खचलेल्या मनाने दिलेला हा नकार कितपत मानायचा, असे त्या विचारतात. ‘एका माणसाचा संकोच मोठा, की हजारो रुग्णांचे भले?’

उत्तर

शेवटचा प्रश्न तुम्ही तराजूसारखा मांडला आहे. एका पारड्यात एक माणूस आणि दुसऱ्यात हजारो माणसे ठेवली, की निकाल मोजण्याआधीच लागलेला असतो. म्हणून त्या दोन्ही पारड्यांत तुम्ही नेमके काय ठेवले आहे, ते आधी पाहू. मी डॉक्टर नाही. एका जवळच्या सहकाऱ्याच्या आजारपणात मी बराच काळ या आजाराच्या शेजारी बसले आहे, आणि त्या अनुभवातून व पुढे केलेल्या वाचनातून जे उमगले, तेवढ्याच आधारावर लिहीत आहे.

पहिली गोष्ट दादांच्या रडण्याविषयी. एएलएसच्या अनेक रुग्णांना ‘स्यूडोबल्बर अफेक्ट’ नावाचा त्रास होतो. हसू आणि रडू यांवर मेंदूचा जो लगाम असतो तो त्यात सैल पडतो, आणि मग मनात तितके दुःख नसतानाही हुंदके फुटतात, किंवा गंभीर बोलणे चालू असताना हसू आवरत नाही. पाहणाऱ्याला वाटते की माणूस कोलमडला. आत त्या माणसाला मात्र, हे चारचौघांत काय होऊन बसले, याचीच लाज वाटत असते. दादा पाहुण्यांना टाळतात ते कदाचित याचसाठी. यावर औषधे आहेत आणि अनेकांना त्यांचा चांगला उपयोग होतो. अर्थात रडण्यामागे खरे नैराश्यही असू शकते. शिवाय या आजाराच्या साधारण निम्म्या रुग्णांच्या विचारशक्तीत किंवा वागण्यात थोडाबहुत बदल होतो, आणि दहा-पंधरा टक्के रुग्णांत तो फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियापर्यंत, म्हणजे वागणे, भाषा आणि निर्णयशक्ती बिघडवणाऱ्या मेंदूच्या आजारापर्यंत, जातो. या तिन्हींतला फरक घरच्यांनी अंदाजाने ठरवू नये. पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना हे स्पष्ट विचारा, आणि दादांच्या समोर विचारा.

पण ‘माझे पोस्टर करू नका’ हे वाक्य मला तरी खचलेल्या माणसाचे वाटत नाही. आयुष्यभर फळ्यासमोर उभे राहून नेमके बोलण्याची सवय असलेल्या माणसाचे ते वाक्य आहे. ‘कुणाला सांगू नका’ असे ते म्हणालेले नाहीत. ‘काही करू नका’ असेही म्हणालेले नाहीत. नकार पोस्टरला आहे आणि तुम्ही तो सगळ्याच बेताला लागू केला, कारण तुमच्या मनात जागृती आणि दादांचा चेहरा या दोन गोष्टी एकच होऊन गेल्या आहेत.

आता माहितीच्या अभावाविषयी. दादांचे मित्र सुरुवातीला येत होते, म्हणजे आजार झाल्याचे त्यांना ठाऊक होते. मग पुढे काय झाले? माझ्या सहकाऱ्याच्या घरी काय झाले ते सांगते. त्यांचे बोलणे पूर्ण थांबले होते आणि पापण्या तेवढ्या मिटता येत होत्या. मराठी वर्णमालेची मांडणी अशा वेळी फार उपयोगी पडते. आधी ओळी विचारायच्या, क, च, ट, त, प, मग य-र-ल-व. ज्या ओळीला पापण्या मिटतील त्या ओळीतली अक्षरे एकेक करून म्हणायची, आणि मग काना, वेलांटी, मात्रा. एका दुपारी ‘प’ आला, काना आला, आणि मी मोठ्या तत्परतेने ‘पाणी, पाणी’ करत धावले. भांडे ओठाशी नेले तर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. (पाणी देणेही खरे तर धोक्याचेच होते, कारण गिळण्याचे स्नायू कमजोर झाले की पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरण्याची भीती अधिक.) पुन्हा अक्षरे म्हणू लागले, तेव्हा पुढचे अक्षर ‘य’ निघाले. त्यांचा पाय व्हीलचेअरच्या पट्टीमागे मुडपला होता आणि तेवढा वेळ कळ सोसत ते माझी धावपळ बघत होते.

मला त्या वेळी एएलएसची माहिती चांगली होती. दुसरे अक्षर येईपर्यंत थांबण्याची सवय नव्हती. दादांच्या मित्रांचेही असेच काही झाले असावे. ते आले, बसले, दादा जे बोलले ते कळले नाही, तिसऱ्यांदा ‘काय म्हणालास?’ विचारायची लाज वाटली, समजल्यासारखी मान हलवली, दादांना ते कळले, आणि दोघेही ओशाळले. निघताना ‘काही लागलं तर नक्की सांगा’ म्हणाले. या वाक्यापोटी कुणाच्या घरी एक रात्र जागायला माणूस आल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

म्हणून पहिली जागृती पदयात्रेच्या कितीतरी अलीकडे, दादांच्या खोलीच्या दाराशी करावी लागेल. येणाऱ्यांसाठी एक पान तयार करा आणि ते दादांकडूनच सांगून घ्या. शिक्षकाला सूचना द्यायला सांगणे हे औषधासारखे लागू पडते, असा माझा समज आहे. त्यात बहुधा अशा गोष्टी येतील: मला ऐकू नीट येते, मोठ्याने बोलू नका. स्पर्श कळतो, हात हातात घ्यायला हरकत नाही. हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही. माझे वाक्य तुम्ही पुरे करू नका, आणि कळले नाही तर कळल्यासारखे दाखवू नका. रडू आले तर क्षणभर थांबा आणि बोलणे पुढे चालू ठेवा. वीस मिनिटे बसलात तरी पुष्कळ झाले. हे पान वाचून जो मित्र पुन्हा येईल, त्याला पुढे हा आजार झालेला दुसरा कुणी भेटला, तर तो तिथेही नीट वागेल. जागृतीची माझी व्याख्या साधारण इथवरच जाते.

हजारांचे पारडेही मी हलके मानत नाही. जगात बहुतेक ठिकाणच्या नोंदींनुसार एएलएसचे वर्षाला लाखामागे साधारण दोन नवे रुग्ण आढळतात, आणि म्हणून त्याला दुर्मिळ म्हणतात. मात्र आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता मोजली तर ती साधारण तीनशे-चारशे जणांत एक अशी येते. आजूबाजूला रुग्ण कमी दिसतात याचे एक मोठे कारण असे, की लक्षणे सुरू झाल्यापासून बहुतेकांना दोन ते पाच वर्षे मिळतात. सुमारे दहा टक्के रुग्ण दहा वर्षांहून अधिक जगतात, पण बाकीच्यांना संघटना बांधायला वेळ नसतो, आणि पुढे बोलायला आवाज नसतो. फ्रान्सचे डॉक्टर जाँ-मार्तें शार्को यांनी १८६९ मध्ये या आजाराचे वर्णन केले. त्यावरचे पहिले मान्यताप्राप्त औषध, रिलुझोल, १९९५ मध्ये आले, आणि तेही आयुष्य सरासरी काही महिन्यांनी वाढवते. या आजाराविषयी बोलायला बहीण-भावंडे, मुले, विद्यार्थी पुढे आले पाहिजेत, हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

फक्त काय बोलायचे आणि कुणाशी, हे जरा ताडून पाहा. दादांचे बरेच महिने भलत्या उपचारांत गेले, असे तुम्ही एका ओळीत लिहिले आहे. माझ्या मते तुमच्या सगळ्या मोहिमेचा गाभा त्या ओळीत आहे. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी वर्षभर जाते, आणि तोवर रुग्ण हाडांचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, कान-नाक-घशाचे डॉक्टर असा फिरत राहतो. बधिरपणा किंवा मुंग्या नसताना वाढत जाणारी कमजोरी, अंगठ्याच्या बुडाशी झिजत चाललेला स्नायू, अडखळणारी जीभ, वारंवार अडकणारे पाऊल: या खुणा पाचशे वाटसरूंनी एका सकाळी ऐकण्यापेक्षा पंचवीस फिजिओथेरपिस्ट आणि कौटुंबिक डॉक्टरांनी नीट ऐकल्या, तर पुढच्या एखाद्या रुग्णाचे महिने वाचतील. सर्वसामान्यांना सांगताना एक काळजी घ्या: निरोगी माणसाच्या पापणीत किंवा पोटरीत नुसती फडफड होणे अगदी नित्याचे आहे. तेवढ्यावरून कुणाची झोप उडेल असे लिहू नका.

तुमच्या डोळ्यांसमोर २०१४ चे बर्फाच्या बादल्यांचे आव्हान असणार, हे पत्रावरून कळते. त्याचा इतिहास मुद्दाम पाहण्यासारखा आहे. डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याची टूम आधीपासून निरनिराळ्या कामांच्या निधीसाठी चालू होती. त्या जुलैमध्ये एका गोल्फ खेळाडूने ती एएलएसशी जोडली, कारण त्याच्या पत्नीच्या चुलत बहिणीच्या नवऱ्याला हा आजार होता. तिथून ती पॅट क्विन आणि पीट फ्रेट्स या दोन तरुण रुग्णांपर्यंत पोचली आणि त्यांच्यामुळे जगभर गेली. एकट्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे सुमारे ११.५ कोटी डॉलर जमा झाले. त्या पैशाच्या आधारे चाललेल्या संशोधनातून २०१६ मध्ये या आजाराशी संबंधित ‘एनईके१’ हे जनुक हाती लागले. थिल्लर म्हणून त्याला नावे ठेवणारेही होते. कित्येक चित्रफितींत आजाराचे नावसुद्धा नव्हते, ही टीका खोटी नव्हती. पण ते पसरले कसे, ते पाहा. प्रत्येकाने पुढच्या काही जणांची नावे घेतली आणि त्यांना चोवीस तासांची मुदत दिली. ‘सर्वांनी मदत करा’ असे कुणी म्हटले नाही. तू, तू आणि तू, असे म्हटले.

आणखी एक गोष्ट. क्विन आणि फ्रेट्स या आजाराचे चेहरे झाले ते स्वतःहून. १९३९ मध्ये हाच आजार झालेले अमेरिकी बेसबॉलपटू लू गेरिग खचाखच भरलेल्या मैदानात ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले, तेही स्वतःच्या पायांवर आणि स्वतःच्या शब्दांत. ज्यांना दुसऱ्या कुणी उभे केले, त्यांच्याकडे लोकांनी दयेने पाहिले आणि पाठ फिरवली. तुमच्या दादांना नेमके हेच नको असावे.

तेव्हा दादांना ‘हो की नाही’ असा एकच प्रश्न विचारू नका. तुकड्यातुकड्यांनी विचारा. त्यांचे नाव वापरलेले चालेल का? नाव न घेता, ‘एका गणिताच्या शिक्षकाची गोष्ट’ म्हणून सांगितलेली चालेल का? आवाज चालेल पण चेहरा नको, असे आहे का? आजारापूर्वीचे, फळ्यासमोरचे छायाचित्र चालेल का? विद्यार्थ्यांसाठी त्यांनी स्वतः दोन ओळी सांगाव्यात का? आणि आज दिलेला होकार उद्या मागे घेता येईल, हे त्यांना आधीच सांगा. समाजमाध्यमांवर गेलेली चित्रफीत परत बोलावता येत नाही, म्हणून चेहऱ्याच्या बाबतीत ‘बघू’ याचा अर्थ ‘नाही’ असाच घ्या. शरीरावरचा एकेक ताबा सुटत असलेल्या माणसाकडे जे थोडे निर्णय उरतात, त्यांतला हा एक आहे. त्यांनी सगळ्यालाच नकार दिला, तरी तुमच्यापाशी तुमची स्वतःची गोष्ट उरतेच. बहीण म्हणून तुम्ही काय पाहिले, कुठे चुकलात, काय उशिरा कळले, हे तुम्ही त्यांना न उघडे पाडता सांगू शकता. मीही माझ्या सहकाऱ्याचे नाव इथे लिहिलेले नाही.

पदयात्रेत एक उदाहरण शक्यतो टाळा. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी, या आजाराचे निदान झाले आणि ते २०१८ पर्यंत जगले. हे खरे आहे आणि विलक्षणही आहे, पण ते इतके अपवादात्मक आहे की रुग्णाला त्याचा दिलासा वाटण्याऐवजी आपणच कुठे कमी पडतो आहोत असे वाटू लागते. गणिताच्या शिक्षकाला तर हे उदाहरण आजवर दहा जणांनी ऐकवले असणार.

निधीविषयी थोडक्यात. पैसा दादांच्या शुश्रूषेसाठी हवा आहे, की इतर रुग्णांच्या मदतीसाठी, की संशोधनासाठी, हे मागण्याआधी ठरवा आणि मागताना तसे लिहा. तीन हेतू एकाच खात्यात मिसळले की सद्भावनेनेच भांडणे लागतात. हिशेब कुटुंबाबाहेरच्या माणसाकडे द्या. आवाहन जाहीर झाले की ‘हमखास बरे करतो’ म्हणणारे दाराशी येतील, मूलपेशींच्या (स्टेम सेलच्या) महागड्या सुया घेऊनही येतील, याचीही तयारी ठेवा. एएलएस पूर्ण बरा करणारा उपचार आज नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एक औषध पुढच्या मोठ्या चाचणीत उपयोगी ठरले नाही, आणि २०२४ मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीनेच बाजारातून मागे घेतले. रीतसर चाचण्यांतून गेलेल्या औषधाची ही कथा असेल, तर जे चाचणीचे नावच काढत नाहीत त्यांच्यावर घरचे पैसे किती लावायचे, ते तुम्हीच ठरवा. दुसऱ्या बाजूला २०२३ मध्ये आलेले टोफरसन हे औषध ‘एसओडी१’ या एका जनुकातील दोषामुळे हा आजार झालेल्यांसाठीच आहे. असे रुग्ण शेकड्यात दोनच्या आसपास असतात, पण आपण त्यांत आहोत का, हे डॉक्टरांना विचारायला हवे. तुम्ही लिहिले नाही, तरी ‘मलाही होईल का?’ हा प्रश्न तुमच्या मनात येऊन गेला असेल. सुमारे नव्वद टक्के रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी कुणाला झालेला नसतो. जनुकीय तपासणी करायची झाल्यास समुपदेशकाशी बोलून मगच करा.

आणि आता २१ जूनपेक्षा घाईच्या गोष्टी. दादांचे बोलणे जड झाले आहे, याचा अर्थ त्यांचा आवाज साठवून ठेवायचा असेल तर तो याच आठवड्यांत. ‘व्हॉइस बँकिंग’मध्ये रुग्णाच्या ध्वनिमुद्रणावरून त्याच्यासारखा यांत्रिक आवाज तयार करतात, आणि पुढे डोळ्यांच्या हालचालीने अक्षरे निवडली की संगणक त्या आवाजात बोलतो. ते साधले नाही, तरी साध्या मोबाइलवर त्यांच्या नेहमीच्या वाक्यांचे, हाका मारण्याचे, घरच्यांना नावाने रागावण्याचेसुद्धा ध्वनिमुद्रण करून ठेवा. चित्रीकरणाला तयार असलेल्या विद्यार्थ्यांना हे काम द्या. त्यांची हौसही भागेल आणि दादांचे पोस्टरही होणार नाही. गिळणे अवघड होत असेल तर पोटात नळी बसवण्याविषयी लवकर विचारा, कारण श्वासाची ताकद फार घटण्याआधी ती बसवणे अधिक सुरक्षित असते. पुढे कृत्रिम श्वासोच्छ्वास कुठवर हवा, हेही दादांना बोलता येते आहे तोवर त्यांच्या तोंडून ऐकून, लिहून ठेवा. हे बोलणे कठीण आहे. पदयात्रेची परवानगी काढणे त्यापेक्षा सोपे वाटते, आणि कदाचित म्हणूनच आपण सगळे आधी पदयात्रेचे बघतो. मीही त्या वेळी तेच केले होते.

शेवटी वहिनी. तुमच्या पत्रात त्यांच्यावर एकच वाक्य आहे. रात्री तीन-चार वेळा उठणे केवळ कूस बदलण्यासाठी आहे, की दादांना आडवे झाल्यावर श्वास पुरत नाही, हे डॉक्टरांना विचारा. सकाळी डोके दुखणे आणि दिवसा गुंगी राहणे, ही श्वासाचे स्नायू थकल्याची लक्षणे असू शकतात. तसे असेल तर रात्री मास्कने श्वासाला आधार देणाऱ्या बायपॅप यंत्राने अनेकांना झोप लागते आणि आयुष्यही वाढते. तोवर पदयात्रेसाठी नावे दिलेल्या विद्यार्थ्यांची यादी पुढ्यात घ्या. त्यांतून दादांना ज्यांच्याकडून अंगाला हात लावून घ्यायला संकोच वाटणार नाही अशी चार नावे त्यांनाच निवडू द्या, आणि त्या चौघांना एकेकट्याला, वार सांगून विचारा. कूस कशी बदलायची, उशी कुठे लावायची, हे वहिनी त्यांना दोन रात्री शेजारी उभ्या राहून दाखवतील. तिसऱ्या रात्री वहिनींना दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपू द्या.